पंचवीस टक्के व्याज आणि दोन आठवड्यांतून एक अंघोळ: ‘द क्लोन वॉर्स’मधलं बँक-प्रकरण पुन्हा पाहताना

‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’च्या चाहत्यांमध्ये ‘सिनेटचे भाग’ हे शब्द बहुतेक वेळा नाक मुरडूनच उच्चारले जातात. लाइटसेबर (प्रकाशाच्या तलवारी) निघत नाहीत, प्रयोगशाळेत घडवलेले एकसारखे क्लोन सैनिक दिसत नाहीत, गोल सभागृहात तरंगत्या तबकड्यांवर उभं राहून कुणीतरी विधेयकावर बोलत असतं. पहिल्या फेरीत हे भाग पुढे ढकलले जातात ते यामुळेच. आणि ढकलणाऱ्यांचा सगळाच दोष नाही. हे भाग दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या सीझनमध्ये विखुरलेले आहेत, आणि प्रसारणाचा क्रम उलटसुलट आहे. सलग आणि योग्य क्रमाने पाहिले तर ती एका कर्जाची गोष्ट निघते. रिपब्लिक आणि त्यातून बाहेर पडलेले फुटीरतावादी यांच्यातल्या युद्धासाठी कर्ज, कर्जासाठी कायद्यात बदल, बदलामुळे चढलेला व्याजदर, आणि शेवटी खुद्द बँकच एका माणसाच्या हातात. मुलांच्या कार्टून मालिकेत हा विषय घ्यायचा म्हणजे धाडसच. ते निम्मं उत्तम जमलंय आणि निम्मं का फसलंय, हे पुन्हा पाहताना जास्त स्पष्ट दिसतं.

आधी क्रम, कारण सगळी गडबड तिथेच होते. दुसऱ्या सीझनचा ४था भाग (‘सिनेट स्पाय’), मग तिसऱ्या सीझनचे १०वा आणि ११वा (‘हीरोज ऑन बोथ साइड्स’, ‘पर्स्यूट ऑफ पीस’), मग मागे येऊन दुसऱ्या सीझनचा १५वा (‘सिनेट मर्डर्स’), आणि शेवटी सहाव्या सीझनचे ५ ते ७ (‘अॅन ओल्ड फ्रेंड’, ‘द राइज ऑफ क्लोव्हिस’, ‘क्रायसिस अॅट द हार्ट’). एकूण सात भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं, म्हणजे अडीच तासांचा ऐवज. डिस्नेच्या सेवेवर सीझन प्रसारणाच्या क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद ठेवा. ती चालू राहिली तर ‘सिनेट मर्डर्स’ आधी लागतो, त्यात एका सिनेटरचा खून होतो, आणि पुढच्या सीझनमध्ये तोच सिनेटर हयात, हिंडताफिरता दिसतो. २०१०च्या मार्चमध्ये खून आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खुनाआधीची गोष्ट, असं प्रेक्षकांनी त्या वेळी खरोखर पाहिलंय.

‘सिनेट स्पाय’बद्दल फार बोलण्यासारखं नाही. रश क्लोव्हिस हा बँकिंग क्लॅन या सावकार संस्थेशी जोडलेला सिनेटर, सिनेटर पद्मे अमिडालाचा जुना स्नेही, फुटीरतावाद्यांशी संधान बांधून आहे. त्याची खबर काढायला पद्मेला पाठवतात, तिथे तिला विष दिलं जातं, तिचा गुप्तपणे लग्न केलेला नवरा, लढवय्या अनाकिन, मत्सराने जळतो. क्लोव्हिस हे पात्र कोण आणि अनाकिन त्याच्यावर इतका खार का खातो, एवढं कळायला हा भाग लागतो. घाई असेल तर शेवटची दहा मिनिटं पाहिली तरी भागतं.

खरी सुरुवात ‘हीरोज ऑन बोथ साइड्स’पासून. सिनेटपुढे विधेयक आहे: बँकांवरचे निर्बंध उठवा, नव्या पतपुरवठ्याची दारं उघडा, त्या पैशातून आणखी क्लोन सैनिक घ्या. पद्मे विरोधात उभी राहते. तिचं म्हणणं अगदी हिशेबी आहे, की आपण युद्धात हरणार नाही, दिवाळखोरीत हरू. हा भाग अमेरिकेत १९ नोव्हेंबर २०१० रोजी दाखवला गेला. २००८ची बँकबुडी ताजी होती, आणि बँकांना पुन्हा वेसण घालणारा डॉड-फ्रँक कायदा त्याच जुलैत मंजूर झालेला. ‘निर्बंध उठवणं’ हा शब्द तेव्हा तिथल्या घराघरांत रोजच्या बातम्यांतून येत होता. लेखक डॅनियल आर्किनने तो उचलून थेट शनिवारी सकाळी कार्टून पाहणाऱ्या वयाच्या प्रेक्षकांपुढे ठेवला.

आणि प्रेक्षकाला हे समजणार कसं, याची सोयही त्याने हुशारीने केली आहे. अनाकिनची शिष्या अहसोका त्याला विचारते की हे बँकांचं काय चाललंय. अनाकिनला राजकारणाचा कंटाळा आणि समजही बेताची, तो विषय पद्मेकडे ढकलतो. म्हणजे अडाणी प्रश्न विचारायला एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मिळाली, आणि ज्याला उत्तर यायला हवं त्याला ते येत नाही हेही जाता जाता सांगून झालं. पुढे हाच माणूस रिपब्लिकचा प्रमुख, चॅन्सेलर पॅल्पटिन, याच्या पायाशी जाऊन बसणार हे ठाऊक असणाऱ्याला पुनर्दर्शनात हा छोटासा प्रसंग चांगलाच टोचतो.

मग पद्मे आणि अहसोका तटस्थ मँडलोरमार्गे गुपचूप रॅक्ससला जातात, फुटीरतावाद्यांच्या राजधानीत. तिथे मीना बॉन्टेरी, पद्मेची जुनी मार्गदर्शक, आता पलीकडच्या संसदेत. नवरा क्लोन सैनिकांच्या हल्ल्यात गेलेला. तिचा मुलगा लक्स अहसोकाला विचारतो, की तू आजवर किती फुटीरतावादी भेटलीस? ती लढलीय ती यंत्रमानवांशी. पलीकडे माणसं आहेत, संसद आहे, तिथेही मतदान होतं, हे मालिकेने पहिल्यांदा इथे दाखवलं. त्याआधीच्या दोन सीझनमध्ये शत्रू म्हणजे भंगारात जायच्या लायकीचे बोलके डबे. मीनाचा शांतिचर्चेचा ठराव संसदेत मंजूर होतो, फुटीरतावाद्यांचा नेता डुकू वरकरणी मान डोलावतो. आत मात्र त्याला आणि त्याच्यामागच्या कंपन्यांना युद्ध थांबलेलं परवडणारं नाही.

शांतता मोडण्याची तऱ्हा बारकाईने पाहण्यासारखी आहे. डुकूचा सेनापती ग्रीव्हस रिपब्लिकची राजधानी कोरसांटवर सैन्य पाठवत नाही. साफसफाईच्या यंत्रांसारखे दिसणारे छोटे यंत्रमानव पाठवतो. झाडलोट करणाऱ्याकडे कोण बघतं? ते आत शिरतात, वीजवितरणाच्या मुख्य केंद्रापर्यंत पोचतात आणि स्वतःसकट ते उडवतात. नेमकं सिनेटमध्ये शांतीचं बोलणं चालू असताना दिवे जातात. त्या अंधारात सभागृहाचा सूर पालटतो, आणि ज्या विधेयकाला थोड्या वेळापूर्वी विरोध होता ते मंजूर होतं. कोट्यवधींच्या शहराची वीज एका केंद्रावर आणि त्याची राखण इतकी तकलादू, हे पटत नाही, ते सोडून द्या. पण कार्यकारणभाव चोख आहे: स्फोटाने शत्रूचं एकही सैन्यठाणं गेलं नाही, बँकेवरचा लगाम मात्र गेला.

‘पर्स्यूट ऑफ पीस’ हा या सातांतला सर्वांत चांगला भाग. माझ्या लेखी सबंध मालिकेतल्या पहिल्या दहांत बसणारा. मीना बॉन्टेरी मारली गेल्याची बातमी डुकू देतो, खापर रिपब्लिकवर फोडतो, शांतीचा प्रस्ताव मागे. (तिला खरं कुणी मारलं, हे लक्स चौथ्या सीझनच्या १४व्या भागात डुकूच्या तोंडावर सांगतो. हा धागा ज्याला आवडेल त्याने तिथून पाचव्या सीझनच्या ऑन्डेरॉनच्या भागांकडे जावं.) आता सिनेटपुढे नवी मागणी आहे: आणखी ५० लाख क्लोन. मागणी लावून धरणारी हॅले बर्टोनी ही कामिनोची सिनेटर. क्लोन बनतात कुठे? कामिनोवर. पुरवठादारानेच खरेदीच्या ठरावाची तळी उचलायची आणि सभागृहात त्यावर कुणी फारसा आक्षेप घेऊ नये, हा तपशील मालिका एका वाक्यातही अधोरेखित करत नाही. बघणाऱ्याने समजून घ्यायचा.

पैसा कुठून आणणार, असा प्रश्न येतो तेव्हा बँकिंग क्लॅनचा प्रतिनिधी निक्स कार्ड शांतपणे दर सांगतो: २५ टक्के. आधी तो १० होता. मागच्या भागात उठवलेले निर्बंध कशाला होते, ते या एका आकड्यात कळतं.

इथे थांबून हिशेब करायला हवा, कारण भाग तो करून दाखवत नाही. दर वार्षिक आणि व्याज सरळ धरलं, तर १० टक्क्यांनी व्याज मुद्दलाइतकं व्हायला दहा वर्षं लागतात, २५ टक्क्यांनी चारच. चक्रवाढ असेल तर चार वर्षांत शंभराचे जवळपास २४४ होतात, जुन्या दराने १४६ झाले असते. आपल्या बोलीत सांगायचं तर महिना शेकडा दोन रुपयांहून थोडा चढा, म्हणजे गावच्या सावकाराच्या दराच्या घरातला. आपल्याकडे निदान दामदुप्पटीचा जुना नियम होता, की एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. निक्स कार्डला असला कसलाच अडसर नाही. हे युद्ध सुमारे तीन वर्षं चालतं. म्हणजे पहिल्याच वर्षी उचललेल्या कर्जावर, युद्ध संपेपर्यंत, मुद्दलाच्या पाऊण पट नुसतं व्याज. आणि तारण काय? भाग सांगत नाही, पण व्याज भरायला पैसा कशातून वळवला जाणार ते सांगतो: शिक्षण, आरोग्य, पाणी, वीज.

या टप्प्यावर बहुतेक काल्पनिक राजकारण भाषणबाजीत बुडतं. इथे ते एका स्नानगृहाच्या दारात येऊन उभं राहतं. टेक्ला मिनाउ ही पद्मेची मदतनीस. पद्मेच्या घरी तिचं आवरून देताना सहज बोलणं निघतं, आणि पद्मे पहिल्यांदाच तिला तिच्या घरचं विचारते. युद्धामुळे तिच्या वस्तीत वीज आणि नळाचं पाणी क्वचितच येतं. मुलांची अंघोळ आता दोन आठवड्यांतून एकदा. रात्री अभ्यासाला उजेड नाही. टेक्ला तक्रार करत नाही, विचारलं म्हणून सांगते. पद्मेचा चेहरा त्या वेळी पाहा. सिनेटमध्ये महिनोन्महिने ‘जनता’ म्हणणाऱ्या बाईला आपल्याच घरात वावरणाऱ्या बाईकडे पाणी नाही, हे आज कळलंय.

खरं तर भाषण पद्मेच्या बाजूचा सिनेटर बेल ऑर्गाना करणार असतो. तो फर्डा वक्ता, काठावरचे सिनेटर त्याच्या शब्दाने वळतात. म्हणूनच भाडोत्री गुंड रोबोनिनो आणि चाटा ह्योकी त्याला गाठून बेदम मारतात. ते पद्मेच्याही मागे लागतात आणि मग स्पीडरवरचा पाठलाग येतो. पाठलाग चांगला आहे, वेगवान आहे, आणि नसता तरी चाललं असतं. २२ मिनिटांच्या भागात सुमारे दोन-तीन मिनिटं त्यावर जातात. तेवढ्यात काठावरच्या सिनेटरांची मनधरणी, कोण कशासाठी अडून बसलाय, कुणाच्या ग्रहाला काय हवंय, हे दाखवता आलं असतं. मत फिरवण्याची खरी मेहनत तिथे असते.

मग पद्मे बोलते. युद्धावर नाही, बँकेवरही नाही. टेक्लावर बोलते. नाव घेऊन. तिची वस्ती, तिची मुलं, दोन आठवड्यांची अंघोळ, अंधारातला अभ्यास. आतापर्यंत रिपब्लिक या सोयींना पैसा देत होतं, तो आता युद्धाकडे वळवायचा घाट आहे, एवढा एकच धागा ती जोडून देते. पद्मेला आवाज देणाऱ्या कॅथरिन टेबरने हे भाषण आवाज न चढवता म्हटलंय. वर गेलेला पट्टीचा सूर एकदाच, शेवटाकडे. केविन काइनरचं संगीत उशिरा आत येतं, ते बरंच झालं. सभागृह फिरतं, कर्जाचा ठराव अडतो.

पुन्हा पाहताना इथे एक गोष्ट खटकते, आणि ती लेखकाची चूक आहे की डाव, हे ठरवणं अवघड जातं. अडलं ते हे एक कर्ज. निर्बंध उठवणारा कायदा मागच्याच भागात झालाय आणि तो रद्द झाल्याचं कुठे दिसत नाही. म्हणजे पद्मे जिंकते तेव्हाही दर २५ टक्केच आहे, फक्त आज कुणी उचल घेतलेली नाही. टाळ्यांच्या गजरात हे विसरायला होतं. पॅल्पटिन मात्र विसरलेला दिसत नाही. तो त्या प्रसंगात हरलेल्या माणसासारखा वागत नाही, नीट बघा.

दुसरी अडचण सगळ्याच सिनेट-भागांची. बँकिंग क्लॅनचा प्रमुख सॅन हिल डुकूच्या परिषदेत बसतो, ट्रेड फेडरेशनचा न्यूट गनरेही तिथेच. आणि त्याच संस्थांचे प्रतिनिधी निक्स कार्ड आणि लॉट डॉड रिपब्लिकच्या सिनेटमध्ये खुशाल मतं मांडतात. संस्था तटस्थ, काही मंडळी फुटीर, असं स्पष्टीकरण मालिका अधूनमधून पुढे करते. कुठल्याही देशाने युद्धकाळात एवढा भोळेपणा केला नसता. ‘सावकार दोन्ही भावांना कर्ज देतो, भांडण त्याच्या पथ्यावर’ एवढं गृहीत धरून पुढे गेलात तर त्रास होत नाही.

‘सिनेट मर्डर्स’ त्यानंतर लगेच पाहावा, अपेक्षा अर्ध्यावर आणून. क्लोनची संख्या आवरण्याच्या बाजूचा रोडियाचा सिनेटर ओनाकोंडा फार, पद्मेच्या घराशी जुना घरोबा असलेला, सगळ्यांसोबत पेला उंचावतो आणि कोसळतो. विष असं की ते फक्त रोडियनांनाच बाधतं, म्हणून बाकीचे तोच पेला पिऊन धडधाकट. इथवर छान. पुढे टॅन डिवो नावाचा तपास अधिकारी येतो, आणि राजकारण बाजूला पडून जुन्या ठशाची खूनकथा सुरू होते: संशयित एका खोलीत, बर्टोनीवर बोट, मग आणखी एक खून. गुन्हेगार निघते फारचीच साहाय्यक लोलो पर्स. तिचा राग पहिल्या सीझनच्या ८व्या भागातला, जिथे फारने अन्नाच्या टंचाईपायी रोडियाला काही काळ फुटीरतावाद्यांच्या दावणीला बांधलं होतं. तो भाग न पाहिलेल्याला हेतू आभाळातून पडल्यासारखा वाटतो. वास्तविक हा हेतू अस्सल राजकीय आहे: पुढाऱ्याने तडजोड केली आणि किंमत त्याच्या लोकांनी मोजली. दोन वाक्यांत तो उरकलाय. बेत चांगला, फोडणीच जळाली.

सहाव्या सीझनकडे वळण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. सबटायटल्स चालू ठेवा. सिनेटरांची नावं एकदाच, भराभर येतात आणि कोण कुठल्या ग्रहाचं हे हातचं सुटलं की वादाचा अर्थच जातो. ‘हीरोज ऑन बोथ साइड्स’पासून अनाकिन आणि अहसोकाचे कपडे, चेहरेपट्टी बदललेली आहे, त्यानंतर मागे जाऊन ‘सिनेट मर्डर्स’ लावला की चित्रं एकदम जुनी, ठोकळेबाज वाटतात. ती एक सीझन आधी बनलेली आहेत, तुमच्या पडद्याचा दोष नाही. पॅल्पटिनचा आवाजही मध्येच बदलतो. इयन अॅबरक्रॉम्बी २०१२मध्ये वारले, सहाव्या सीझनमध्ये टिम करी आहे. अॅबरक्रॉम्बींचा पॅल्पटिन आजोबांसारखा मऊ, करीचा किंचित ओठ आवळून बोलणारा. मऊ आवाज जास्त भीतिदायक होता, हे सवय झाल्यावरही वाटत राहतं. आणि आठ-नऊ वर्षांची मुलं सोबत असतील तर ‘सिनेट मर्डर्स’ वगळा. बाकीच्यात बेल ऑर्गानाची मारहाण आणि पुढे अनाकिन-क्लोव्हिसची मारामारी एवढंच थोडं जड आहे.

मालिका २०१३मध्ये आवरती घेतली गेली आणि तयार असलेले १३ भाग मार्च २०१४मध्ये नेटफ्लिक्सवर सहावा सीझन म्हणून आले. त्यातले तीन स्किपिओ या बर्फाळ ग्रहावरचे, बँकेच्या मुख्यालयातले. देखणेपणात हे भाग पहिल्या दोन सीझनच्या कितीतरी पुढे आहेत. बर्फावरचा प्रकाश, म्यून जमातीच्या सावकारांचे उंच, हाडकुळे देह, थंडगार दालनं. एम्बो हा भाडोत्री शिकारी डोक्यावरची मोठी ताटासारखी टोपी पायाखाली घेऊन घसरगाडीसारखा उतारावरून येतो, तो पाठलाग मात्र एक क्षणही कापू नये असा.

कथा अशी. पद्मे मदतकार्याच्या पैशासाठी स्किपिओला येते. क्लोव्हिस तिला गाठतो आणि सांगतो की बँक पोकळ झाली आहे, वरचे पाच कारभारी, ज्यांना ‘कोअर फाइव्ह’ म्हणतात, त्यांनी पैसा वळवलाय, तिजोऱ्या रिकाम्या. बँक बुडाली तर दोन्ही बाजू बुडतात, कारण दोघांचीही खाती तिथेच. त्यामुळे भांडणारे दोघे पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत करतात: कोअर फाइव्हला काढा, क्लोव्हिसला बसवा. मग डुकू त्याची मानगूट पकडतो. रिपब्लिकच्या कर्जाचा दर वाढव, नाहीतर आमच्या बाजूचा पैसा येणार नाही आणि तुझी बँक बसेल. क्लोव्हिस दर वाढवतो. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, त्याच्याकडे रोकड नाही म्हणून. ज्याच्या खतावणीत शिल्लक नाही त्याचा प्रामाणिकपणा एका हप्त्यापुरता टिकतो, हे या प्रसंगाचं मर्म, आणि ते अव्वल आहे.

पण या मर्माला जागा किती? तीन भागांतला मोठा वाटा पद्मे, क्लोव्हिस आणि अनाकिनच्या त्रिकोणाने खाल्लाय. अनाकिन पद्मेच्या घरात क्लोव्हिसला ठोकून काढतो, पद्मे त्याला काही काळ दूर राहू म्हणते. अनाकिनचा पुढचा प्रवास पाहता हे आवश्यक आहे, अनाकिनला आवाज देणाऱ्या मॅट लँटरने त्या प्रसंगात आवाज छान घसरू दिलाय, सगळं मान्य. पण बँकेच्या गोष्टीत हा त्रिकोण आणला की क्लोव्हिसचं प्रत्येक पाऊल ‘तो पद्मेसाठी करतोय का?’ या प्रश्नात अडकतं. शिवाय पोकळ बँक म्हणजे रिकामी तिजोरी, ही कल्पना फार बाळबोध. बँक रिकामी होते ती आधी वहीत, खोलीत नंतर. एखादा मिनिट कुणीतरी हिशेब वाचून दाखवला असता, कुणाचं किती येणं, कुणाचं किती थकलं, तर ‘पर्स्यूट ऑफ पीस’मधल्या २५ टक्क्यांची ताकद इथेही आली असती. तिथे एक आकडा होता. इथे दर ‘वाढतो’, कितीवरून किती हे मनावर ठसतच नाही.

शेवट मात्र जमलाय. डुकू फोर्स या गूढ शक्तीच्या जोरावर पद्मेच्या हातातल्या पिस्तुलाने बेक लॉवाइजला, त्याच्याच बाजूच्या एका भल्या सिनेटरला, संपवतो. फुटीरतावाद्यांची फौज स्किपिओवर उतरते, कमांडर थॉर्न यंत्रमानवांच्या गराड्यात एकटा लढत पडतो, क्लोव्हिस दरीत जातो. धुरळा बसल्यावर म्यून मंडळी बँकेचा कारभार चॅन्सेलर पॅल्पटिनच्या हाती सोपवतात, आणि सिनेट टाळ्या वाजवतं. ‘हीरोज ऑन बोथ साइड्स’मध्ये ज्याने बँकेवरचे निर्बंध उठू दिले, त्याच्याच हातात आता बँक आहे. सैन्य त्याचं होतंच, खजिनाही झाला. तिसऱ्या सीझनचे दोन भाग लागूनच पाहिलेले असतील तर हे वर्तुळ लख्ख दिसतं, नाहीतर ‘क्रायसिस अॅट द हार्ट’ नुसता गोंगाट वाटतो.

आता ‘अॅन ओल्ड फ्रेंड’मधली एक गोष्ट, जी पहिल्या पाहणीत बहुतेकांच्या हातून निसटते. स्किपिओला पद्मेसोबत एक मदतनीस आलेली आहे. ठेंगणी, पद्मेच्या नाबू ग्रहाच्या साध्या पोशाखात, पद्मेने सांगितलेलं काम पार पाडण्याच्या घाईत. एम्बो दुरून नेम धरतो आणि ती पडते. ही टेक्ला मिनाउ आहे. जिच्या घरातल्या नळाने ५० लाख क्लोनचं कर्ज अडवलं, ती बँकेच्या दाराशी बँकेच्याच भानगडीत मरते. कथा तिच्यासाठी काही सेकंद थांबते आणि लगेच अनाकिन, क्लोव्हिस, घसरगाडी सुरू होते. पद्मेच्या भाषणातल्या त्या मुलांचं पुढे काय झालं, हे मालिका सांगत नाही. हा प्रसंग झपकन येऊन जातो. तिथे पोचलात की रिमोट हाताशी ठेवा आणि एकदा मागे नेऊन पाहा.